लेझरने नंबर उतरवला. आता कामावर कधी जायचं?

डोळ्यांचं लेझर ऑपरेशन करून घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे दोन प्रश्न ठरलेले असतात: दुखेल का, आणि कामावर कधी जाता येईल? पहिल्याचं उत्तर डॉक्टर नीट समजावून सांगतात. दुसऱ्याचं बहुतेक वेळा 'दोन दिवसांत जा' एवढ्यावर आटोपतं. ते चूक नाही, पण अर्धं आहे. दोन दिवसांत दिसायला लागतं हे खरं, पण जखम भरायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

लॅसिक, म्हणजे या लेझरचा सर्वांत परिचित प्रकार, झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळातले आकडे त्याला चष्म्याशिवाय दिसतात, आणि तो मनात ठरवून टाकतो की झालं, आपण बरे झालो. त्या वेळी डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर, म्हणजे कॉर्नियावर, कापलेल्या पापुद्र्याची कड नुकती सांधायला लागलेली असते. आतून तो भक्कम व्हायला आठवडे-महिने जातात, आणि कापलेल्या बारीक नसा परत वाढायला तर सहा महिने ते वर्षही लागू शकतं. कामावर जायची तारीख ठरवताना म्हणूनच दोन गोष्टी वेगवेगळ्या बघाव्या लागतात: काम करण्याइतकं दिसतंय का, आणि ते काम डोळ्याला झेपेल का.

आधी हे बघा: तुमचं ऑपरेशन नेमकं कोणतं?

लोक सरसकट 'लेझर केलं' म्हणतात, पण रजा किती घ्यायची हे या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त अवलंबून असतं. कॉर्नियाची मधली जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेझरने त्याची वक्रता बदलली की नंबर उतरतो. आतल्या थरापर्यंत पोचायचे रस्ते मात्र तीन.

लॅसिकमध्ये साधारण 100 ते 120 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, एका बाजूला जोडलेला ठेवून उचलतात, खाली लेझर मारतात आणि फ्लॅप परत जागेवर बसवतात. टाका नसतो. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी चांगलं दिसतं. बैठ्या कामासाठी दोन-तीन दिवसांची रजा पुरते.

स्माईलमध्ये फ्लॅप नसतो. कॉर्नियाच्या आतच लेझरने एक पातळ चकती कापतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ती बाहेर काढतात. पहिले काही दिवस नजर किंचित धुरकट राहते, लॅसिकइतकी झटपट उघडत नाही. तीन-चार दिवसांची रजा धरा.

पीआरके किंवा ट्रान्स-पीआरकेमध्ये कॉर्नियावरची सगळ्यात वरची, सुमारे 50 मायक्रॉनची पेशींची साय काढून टाकतात, थेट पृष्ठभागावर लेझर मारतात आणि वरून जखम झाकणारी बँडेज लेन्स बसवतात. ही साय परत यायला तीन ते पाच दिवस लागतात. ते दिवस दुखतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. एक आठवडा रजा ही किमान गोष्ट आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं असेल तर दहा दिवस ते दोन आठवडे मागून घ्या. लवकर बरं वाटलं तर लवकर हजर होता येतं. वाढीव रजा मागायला मात्र जीवावर येतं.

पीआरकेत त्रास जास्त म्हणून ते दुय्यम, असं समजू नका. कॉर्निया पातळ असेल किंवा डोळ्याला मार बसायची शक्यता असलेलं काम असेल, तर डॉक्टर मुद्दाम तेच सुचवतात, कारण त्यात सरकायला फ्लॅपच नसतो.

तारीख घेण्याआधीची तयारी

लॅसिक किंवा स्माईल असेल तर साप्ताहिक सुट्टीच्या दोन दिवस आधीचा वार घ्या. दुसऱ्या दिवशीची तपासणी कामाच्या दिवशी होते आणि त्यानंतर सुट्टीची विश्रांती आपसूक मिळते. सुट्टीच्या आदल्या दिवशी ऑपरेशन आणि दुसऱ्या दिवशी क्लिनिक बंद, असा घोळ मात्र करू नका. पहिल्या 24 ते 48 तासांतली तपासणी टाळण्यासारखी नसते.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजमाप घ्यायच्या आधी त्या बंद कराव्या लागतात. मऊ लेन्स साधारण दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार बदललेला असतो आणि त्या बदललेल्या आकारावर मोजमाप घेतलं तर नंबरच चुकीचा निघतो. तेवढे दिवस ऑफिसात चष्म्यावर काढायचे आहेत, हेही गृहीत धरा.

वरिष्ठांना 'छोटंसं ऑपरेशन आहे' असं मोघम सांगण्यापेक्षा नेमकं सांगा: इतके दिवस रजा, त्यानंतरचा आठवडा स्क्रीन कमी, पहिला महिनाभर रात्री गाडी चालवणं नाही, आणि साधारण एक आठवडा, एक महिना आणि तीन महिन्यांनी तपासणीसाठी काही तास. त्या आठवड्यातलं सादरीकरण, लेखापरीक्षण, बाहेरगावचा दौरा आधीच दुसऱ्या तारखेला टाका. रजेसाठी आणि हलक्या कामासाठी लागणारं प्रमाणपत्र ऑपरेशनच्या दिवशीच मागून घ्या.

घरचं सांगायचं तर, डोकं धुऊन घ्या, कारण पुढचे काही दिवस ते अवघड जाणार. उशीचा अभ्रा धुतलेला असू द्या. मोबाईलवरची अक्षरं मोठी करून ठेवा. ऐकायला काहीतरी उतरवून ठेवा, कारण पहिला दिवस डोळे मिटून पडण्यात जातो आणि कंटाळ्यापायी मोबाईल हातात घेतला जातो. न्यायला-आणायला माणूस ठरवा. स्वतः गाडी चालवत परत यायचा प्रश्नच येत नाही. डोळ्यांचा मेकअप दोन-तीन दिवस आधीपासून बंद, आणि जुना मस्कारा ऑपरेशननंतर परत वापरायचा नाही, टाकून द्यायचा.

पहिला दिवस: झोपा

लेझर चालतो ते काही सेकंदच, दोन्ही डोळ्यांचं मिळून सगळं काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं. भूल थेंबांची असते. तिचा असर तासाभरात उतरतो आणि मग चार ते सहा तास डोळे झोंबतात, चुरचुरतात, पाणी वाहतं. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे लिहून दिलेली गोळी घेऊन, डोळ्यांवर प्लास्टिकची शिल्ड लावून झोपणं. उठेपर्यंत लॅसिक आणि स्माईलवाल्यांचा मोठा त्रास ओसरलेला असतो.

शिल्डचा उपयोग एकच: झोपेत हात डोळ्याला लागू नये. जागेपणी आपण सावध असतो, पहाटे अर्धवट झोपेत डोळा चोळायची सवय मात्र तशीच असते. डॉक्टर सांगतील तितक्या रात्री, बहुतेक ठिकाणी आठवडाभर, ती लावायची. चिकटपट्टी कपाळावर आणि गालावर, पापणीवर नाही.

ड्रॉप्स: इथे वेळ द्या

बरं होण्यातलं तुमच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं काम हेच. साधारण तीन प्रकारचे थेंब मिळतात. अँटिबायोटिक सुमारे आठवडाभर, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून. स्टेरॉइड सूज आवरण्यासाठी. लॅसिक-स्माईलला एक-दोन आठवडे, पीआरकेला हळूहळू कमी करत काही आठवडे ते काही महिने. आणि ओलाव्यासाठी कृत्रिम अश्रू, जे महिनोन् महिने सोबत राहतात.

टाकायची रीत अशी. हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. स्टेरॉइडची बाटली दुधी असेल तर नीट हलवा, नाहीतर औषध तळाशी राहतं आणि डोळ्यात नुसतं पाणी जातं. मान मागे टाका किंवा सरळ आडवे व्हा. एका बोटाने गालावरची त्वचा हलकेच खाली ओढा म्हणजे खालच्या पापणीची खोबण दिसते. वरच्या पापणीला हात लावायचा नाही, कारण जखम तिच्याच खाली आहे. बाटलीचं टोक एक-दोन सेंटिमीटर वर धरा, छताकडे बघा आणि एकच थेंब त्या खोबणीत सोडा. डोळा घट्ट आवळू नका. हलकेच मिटून एक-दोन मिनिटं तसेच राहा. बाहेर ओघळलेलं औषध गालावरच टिपा, डोळ्याच्या कडेला कागद लावू नका. दुसरा थेंब निदान पाच मिनिटांनी, नाहीतर तो पहिल्याला धुऊन काढतो. जेल किंवा मलम असेल तर सगळ्यात शेवटी.

बाटलीचं टोक पापणीच्या केसांना लागलं तर बाटलीतच जंतू जातात. स्वतःला जमत नसेल तर पहिले दोन दिवस घरातल्या कुणाकडून तरी टाकून घ्या, त्यात कमीपणा नाही. बाटल्या सारख्याच दिसतात, म्हणून झाकणांवर मार्करने वेगवेगळ्या खुणा करा आणि मोबाईलच्या गजरात औषधाचं नाव लिहा. 'ड्रॉप्स' एवढंच लिहिलं तर चौथ्या दिवशी कोणते ते आठवत नाही. या बाटल्यांच्या शेजारी दुसरी कुठलीही छोटी बाटली ठेवू नका. नखांचा गोंद डोळ्याचं औषध समजून डोळ्यात टाकल्याचे प्रकार खरोखर घडलेले आहेत.

स्टेरॉइडच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. एक, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडणारे. दुसरे, डोळा जरा लाल दिसला की उरलेल्या बाटलीतून परत सुरू करणारे. दुसरे जास्त धोक्यात असतात. स्टेरॉइडने काहींचा डोळ्यातला दाब वाढतो आणि तो वाढलेला कळतही नाही, दुखत नाही. म्हणून पीआरकेनंतर हे थेंब चालू असेतो दाब तपासत राहावं लागतं. भुलेचे थेंब तर कुणाकडूनही मागून घरी आणायचेच नाहीत. पीआरकेच्या दुसऱ्या दिवशी ते हवेहवेसे वाटतील, पण वारंवार टाकले तर साय भरून येतच नाही आणि कॉर्निया विरघळेपर्यंत मजल जाऊ शकते.

कृत्रिम अश्रू बिनाप्रिझर्व्हेटिव्हचे, एकदा उघडून टाकून द्यायच्या छोट्या कुप्यांमधले घ्या. दिवसातून अनेकदा टाकायचे तर प्रिझर्व्हेटिव्हच त्रास द्यायला लागतं. 'लाली घालवणारे' थेंब म्हणून जे मिळतात त्यांचा इथे काही उपयोग नाही.

पहिला आठवडा

लॅसिक-स्माईलवाल्यांचा हा आठवडा दुखण्यापेक्षा स्वतःला आवरण्यात जातो. डोळा चोळायचा नाही, ही बंदी लॅसिकला निदान महिनाभराची. खाज सुटली तर गार कृत्रिम अश्रू टाका. डोळ्यात नळाचं पाणी, साबण जाऊ द्यायचा नाही: अंघोळ मानेखालून, तोंड ओल्या फडक्याने पुसायचं, डोकं धुवायचंच असेल तर मागे मान टाकून दुसऱ्याकडून. दाढीच्या फेसाकडे लक्ष ठेवा. पोहणं दोन ते चार आठवडे नाही. डोळ्यांचा मेकअप एक-दोन आठवडे नाही, आणि पहिल्यांदा काढताना चोळून नाही.

पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसला तर आरशासमोर घाबरायला होतं. ऑपरेशनच्या वेळी डोळा स्थिर धरणाऱ्या कड्याच्या दाबाने पृष्ठभागाखालची बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. दोन-तीन आठवड्यांत आपोआप जिरतो. ऑफिसातले मात्र त्याबद्दलच विचारतील, उत्तर तयार ठेवा.

पीआरकेचं गणित वेगळं आहे, म्हणून सविस्तर. पहिला दिवस बरा जातो आणि माणूस म्हणतो, उगाच घाबरवलं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट: पापण्या सुजतात, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पडदे ओढून बसावंसं वाटतं. चौथ्याच्या आसपास दुखणं झपाट्याने उतरतं, पण नेमकं तेव्हाच दिसणं बिघडतं. याचं कारण साधं आहे. नवी साय कडेने वाढत मध्याकडे येते आणि मध्यभागी जिथे जुळते तिथे एक उंचवटा तयार होतो, बरोबर नजरेच्या रस्त्यात. काल दिसत होतं ते आज दिसत नाही म्हणून लोक हबकतात. हा टप्पा अपेक्षित आहे. पुढच्या काही दिवसांत उंचवटा सपाट होत जातो. बँडेज लेन्स डॉक्टरच काढतात, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. ती आधीच पडली तर धुऊन परत बसवू नका, फोन करा. कामचलाऊ नजर एक-दोन आठवड्यांत येते, तिला धार यायला एक ते तीन महिने लागतात. एक डोळा पुढे, एक मागे असंही होतं.

पीआरकेनंतर आणखी एक गोष्ट पाळायची: बाहेर पडताना अतिनील किरण अडवणारा गॉगल, तोही काही महिने. भरून येणाऱ्या कॉर्नियावर कडक ऊन पडलं तर धुरकट डाग, म्हणजे हेझ, यायची शक्यता वाढते. लॅसिकवाल्यांनाही गॉगल सोयीचा, पण पीआरकेला तो औषधासारखा.

कामावरचा पहिला दिवस, स्क्रीनसमोर

स्क्रीन बघितल्याने फ्लॅप सरकत नाही, नंबर परत येत नाही. खरी अडचण कोरडेपणाची आहे. गप्पा मारताना माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे बघताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं, आणि जी मिटते तीही अर्धवट. निरोगी डोळ्यात कोरडं पडलं की नसा लगेच कुरकुर करतात, पाणी सुटतं, पापणी मिटते. लेझरमध्ये त्याच नसा कापल्या गेल्या आहेत. म्हणजे डोळा कोरडा पडतोय आणि त्याची वर्दीच पोचत नाही. म्हणून 'त्रास झाला तर थेंब टाकेन' हे धोरण इथे चालत नाही. पहिले काही आठवडे घड्याळावर टाका, जागेपणी एक-दोन तासांनी, डोळा मागो न मागो.

एक छोटी परीक्षा उपयोगाची आहे. दुपारी चारच्या सुमारास अक्षरं पुसट झाली तर सावकाश दोन-तीनदा पापण्या पूर्ण मिटा आणि परत वाचा. अक्षर क्षणभर स्पष्ट होऊन पुन्हा पुसट झालं तर ते कोरडेपणामुळे आहे, नंबरामुळे नाही. 'सकाळी छान दिसतं, संध्याकाळी नंबर परत आल्यासारखा वाटतो' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

मॉनिटर डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडा खाली ठेवा. नजर खाली असली की पापणी जास्त झाकते आणि कमी सुकतं. नजर वर लावायला लागेल असा उंच स्क्रीन डोळ्याला सर्वात वाईट. एसीचा किंवा पंख्याचा झोत तोंडावर येत असेल तर जागा बदलून मागा, ही मागणी अवाजवी नाही. अक्षरं सव्वा ते दीडपट करा. स्क्रीनचा उजेड खोलीच्या उजेडाइतका ठेवा. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फुटांपलीकडे बघा. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि कुणी पाळत नाही; गजर लावला तरच होतं. जमलं तर पहिले दोन दिवस अर्धा वेळ काम मागा, आणि त्या अर्ध्या दिवसात वाचायच्या कामापेक्षा बोलायची कामं उरका.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत लांबचं लख्ख आणि जवळचं धूसर, असं होऊ शकतं. तरुण डोळा जुळवून घेतो. चाळिशीच्या पुढच्यांनी मात्र हे ऑपरेशनआधीच समजून घ्यायला हवं: उणे नंबरवाला माणूस चष्मा काढून वाचू शकत होता, ती सोय लेझरने जाते आणि वाचायला चाळिशी लागते. हिशोबनीस, संपादक, शिंपी, बारीक काम करणारे कुणीही असाल तर एक डोळा लांबच्यासाठी आणि एक जवळच्यासाठी ठेवायचा पर्याय तुम्हाला झेपेल का, हे डॉक्टरांशी बोला. तो आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून अजमावता येतो.

बाकीची कामं

गाडी: तपासणीत नजर कायद्याला लागते तेवढी भरली आणि डॉक्टरांनी सांगितलं की मगच. आधी दिवसा, ओळखीच्या रस्त्याने. रात्रीचं नंतर. समोरच्या दिव्यांभोवती वलयं आणि किरणं दिसतात, ती पहिल्या महिन्यात ठळक असतात आणि बहुतेकांची तीन ते सहा महिन्यांत विरत जातात. ड्रायव्हिंगवरच पोट असेल तर पहिला महिना दिवसपाळी मागून घेणं शहाणपणाचं. दुचाकीवर वारा थेट लागतो. बंद काचेचं हेल्मेट घाला, आणि ते घालता-काढताना डोळ्याला घासणार नाही हे बघा.

धूळ, भुसा, वाफ, तेलाचे थेंब: बांधकाम, सुतारकाम, शेती, कारखाना, मोठं स्वयंपाकघर. एक-दोन आठवडे थांबा आणि नंतरही कडेने बंद असलेला सुरक्षा-गॉगल लावा. इथे एक गोष्ट सहज विसरली जाते. इतकी वर्षं नाकावरचा चष्मा उडणारा कण आपसूक अडवत होता. आता तो नाही. चष्म्याची सवय असलेल्या माणसाला वेगळा गॉगल लावायची सवयच नसते, आणि हातात ग्राइंडर घेतल्यावर ते आठवून उपयोग नाही. वेल्डिंग करणाऱ्यांनी, विशेषतः पीआरके झालेल्यांनी, अतिनील किरणांचं वरती सांगितलेलं लक्षात ठेवून डॉक्टरांना परत कधी सुरू करायचं ते नेमकं विचारा. प्रयोगशाळेत आणि रुग्णसेवेत शिंतोड्यांचा आणि संसर्गाचा धोका असतो. पहिला आठवडा कागदकामावर काढता आला तर उत्तम.

वजन उचलण्याची कामं आणि व्यायाम: चालणं एक-दोन दिवसांत चालतं. घाम डोळ्यात जाईल असं सगळं निदान आठवडाभर पुढे ढकला. कपाळाला पट्टी बांधा.

धक्का बसणारे खेळ आणि कामं: मैदानी खेळ, कुस्ती, मुष्टियुद्ध, सुरक्षा दल. लॅसिकनंतर किमान चार आठवडे बंद, पुढेही संरक्षक चष्मा. फ्लॅप वर्षांनंतरही जोराच्या माराने सरकल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. पोलीस, सैन्य, विमानचालन अशा सेवेत असाल किंवा जाणार असाल, तर त्या सेवेचा नियम ऑपरेशनच्या आधी वाचा. कुठे विशिष्ट पद्धतच मान्य असते, कुठे ऑपरेशननंतर ठरावीक काळ जावा लागतो. नंतर कळून काही करता येत नाही.

विमानप्रवास: डॉक्टरांनी पहिली तपासणी करून हो म्हटलं की करता येतो. आतली हवा फार कोरडी असते, अश्रूंच्या कुप्या वरच्या कप्प्यात नाही, खिशात ठेवा.

थांबायचं नाही, फोन करायचा

साधा नियम असा: त्रास रोज थोडा कमी व्हायला हवा. कमी होत आलेलं दुखणं उलटं वाढलं, लाली वाढली, चिकट घाण यायला लागली, काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसला, उजेड अचानक सहन होईना, नजर एकाएकी खाली आली किंवा डोळ्याला मार लागला, तर त्याच दिवशी दाखवा, रात्र असली तरी. सरकलेला फ्लॅप लवकर बसवला तर निभावतं. लॅसिकनंतर पहिल्या आठवड्यात फ्लॅपखाली सूज येण्याचा एक प्रकार फारसा न दुखता येतो आणि तपासणीतच सापडतो. 'छान दिसतंय, कशाला जायचं' म्हणून तपासणी चुकवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

थोडा नंबर उरला तर घाई करू नका. नजर स्थिर व्हायला साधारण तीन महिने, पीआरकेत जास्तही, जाऊ द्यावे लागतात. परत लेझरचा विचार त्यानंतरच. तोवर कामासाठी साधा, कमी नंबरचा चष्मा वापरायला काहीच हरकत नाही.

ज्यांचा उणे नंबर मोठा होता त्यांच्यासाठी आणखी एक. लेझरने कॉर्निया बदलला. डोळ्याची लांबी होती तेवढीच आहे, आणि आतला पडदा ताणलेला तो ताणलेलाच आहे. चमकणाऱ्या रेघा, एकदम वाढलेले तरंगते काळे ठिपके, कडेने सरकणारी सावली दिसली तर तातडीने पडदा तपासून घ्या, आणि एरवीही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी चालू ठेवा.

कागद जपून ठेवा

शेवटच्या तपासणीला गेलात की ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता आणि जाडी, आणि केलेल्या उपचाराची नोंद, अशी पूर्ण प्रत मागून घ्या. पुढे कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तर आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढायला हे आकडे लागतात; लेझर झालेल्या डोळ्यावर नेहमीचं गणित चुकू शकतं. पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाबही खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो, त्यामुळे काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. डोळ्याच्या प्रत्येक नव्या डॉक्टरला 'माझं लेझर झालंय' हे विचारायच्या आधीच सांगा. कागदाचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा. क्लिनिक जुनी कागदपत्रं किती वर्षं ठेवील याचा भरवसा धरू नका.